अण्णांचे टप्पे आणि माझे

२०२४ च्या फेब्रुवारीत मी हवाई बेटांवर जाऊन आले हे नात्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. फोटो सगळीकडे फिरलेच होते. कशासाठी गेले होते हे मात्र मी कुणालाच धड सांगितलं नव्हतं. "सुट्टी" म्हणून विषय संपवला होता. आज खरं काय ते सांगून टाकते. मी हवाईसाठी गेलेच नव्हते. मी गेले होते आठ टप्प्यांसाठी.

टप्पा हा शब्द आमच्या घरातला. अण्णा एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. तुम्ही टप्प्याच्या हद्दीपुढे एक गाव जरी गेलात तरी पुढच्या अख्ख्या टप्प्याचे पैसे. त्यामुळे अण्णांच्या गाडीत काही ठरलेली मंडळी असायची. आपल्या गावाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरायची आणि उरलेलं अंतर बोचकं डोक्यावर घेऊन चालायची. अण्णांना सगळ्यांची गावं पाठ. पण कधी कुणाला "इथं का उतरताय" असं त्यांनी विचारलं नाही.

आता माझी गोष्ट बरोब्बर उलटी आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

२०२२ मध्ये अण्णा एकटे लंडनला माझ्याकडे यायला निघाले होते. विमानाला उशीर झाला आणि ते सहा तास विमानतळावरच्या पत्र्याच्या खुर्चीवर बसून राहिले. गुडघे आधीच धरलेले. इथे उतरले तेव्हा त्यांना उभं राहता येईना. कोणती कंपनी, कोणता विमानतळ ते सोडून द्या. उशीर कुणालाही होतो. पण माझ्या डोक्यात बसलं ते त्यांचं एक वाक्य. म्हणाले, "तिथं काचेच्या आत सोफे होते गं. पण ते कार्डवाल्यांना." बस्स. त्या दिवशी मी ठरवलं, कार्ड मिळवायचं.

हे कार्ड म्हणजे काय, आणि ते कुठून आलं, हे मी नंतर महिनाभर रात्री जागून वाचलं. (नवऱ्याच्या मते त्या वेळात माझी पीएचडी झाली असती.) तर मंडळी, थोडा इतिहास.

अमेरिकेत १९३८ पासून एक सरकारी मंडळ होतं, सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड. कोणत्या कंपनीने कुठून कुठे उडायचं आणि तिकीट किती लावायचं, सगळं तेच ठरवायचं. तिकीट सगळ्यांचं सारखंच, मग गिऱ्हाईक ओढायचं कशावर? जेवणावर, खुर्च्यांवर, हवाई सुंदरींच्या कपड्यांवर. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि हे नियंत्रण उठायला लागलं. नव्या स्वस्त कंपन्या निघाल्या, तिकिटं गडगडली. जुन्या बड्या कंपन्यांची झोप उडाली. आजवर आपलेच म्हणून धरलेले प्रवासी वीस डॉलर वाचवायला शेजारच्या काउंटरवर जायला लागले.

अमेरिकन एअरलाइन्सचा प्रमुख तेव्हा रॉबर्ट क्रँडल. त्याच्या कंपनीकडे एक गोष्ट इतरांपेक्षा भारी होती, सेबर नावाची आरक्षणाची संगणक यंत्रणा, आयबीएमच्या मदतीने उभी केलेली. त्या यंत्रणेत कोणते फोन नंबर पुन्हा पुन्हा येतात ते त्यांनी शोधून काढलं. हेच आपले नेहमीचे प्रवासी! त्यांना मैल मोजून द्यायचे, मैल साठले की फुकट तिकीट. १ मे १९८१ ला ही योजना सुरू झाली. त्याच महिन्यात युनायटेडनेही आपली काढली, आणि मग एकामागोमाग एक सगळ्यांनी. ब्रिटिश एअरवेजचा एक्झिक्युटिव्ह क्लब १९८२ चा.

कल्पना साधी, वाण्याच्या दुकानातल्या कुपनासारखी. पण त्यात एक मेख होती. मोजलं जात होतं अंतर, पैसे नव्हे. मुकाट्याने जास्त पैसे भरणाऱ्याला आणि धूर्तपणे स्वस्त तिकीट शोधणाऱ्याला मैल सारखेच. आता हे कळल्यावर माणसं गप्प बसतील का? अमेरिकेत लोक शनिवार-रविवारी विमानात बसून कुठेतरी लांब जायचे, विमानतळाबाहेर पाऊल न टाकता परत यायचे. १९९९ मध्ये डेव्हिड फिलिप्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरने तर विमानात न बसताच कमाल केली. एका खाद्यपदार्थाच्या कंपनीने वेष्टनांवर मैल देऊ केले होते. या पठ्ठ्याने पुडिंगचे बारा हजारांवर कप विकत घेतले, तीन हजार डॉलरच्या आसपास खर्च करून, आणि बारा लाखांहून जास्त मैल मिळवले. एवढी वेष्टनं फाडायची कुणी? पुडिंग त्याने धर्मादाय संस्थेला दान केलं आणि तिथल्या स्वयंसेवकांकडून वेष्टनं काढून घेतली. वर दानाची करसवलतही घेतली! हा माणूस आपल्याकडे जन्मला असता तर कुठल्यातरी सहकारी पतपेढीचा चेअरमन झाला असता.

फुकट तिकीट हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे प्रतिष्ठा. चांदीचं, सोन्याचं कार्ड, वेगळी रांग, काचेच्या आतले सोफे. ब्रिटिश एअरवेजने त्यासाठी मैलांऐवजी वेगळे गुण ठेवले, टिअर पॉइंट. सहाशे झाले की सिल्व्हर, पंधराशे झाले की गोल्ड. आणि हे गुण मिळायचे कसे? टप्प्यावर! एका विमानाचा एक टप्पा. त्याचं अंतर कोणत्या पट्ट्यात बसतं त्यावर गुण ठरलेले. बिझनेस क्लासने दोन हजार मैलांच्या पुढचा टप्पा असेल तर १४०. मग तो अडीच हजार मैलांचा असो नाही तर सहा हजारांचा, १४०च. लंडन ते मुंबई साडेचार हजार मैल, बिझनेसने जाऊन आलं तरी २८०. निम्मेही नाहीत.

आता नकाशा काढा. लॉस एंजेलिस ते होनोलुलू सुमारे २५५० मैल, म्हणजे दोन हजारांच्या हद्दीच्या जरा पलीकडे. १४० गुण. लंडन ते डॅलस, १४०. डॅलसहून होनोलुलूला थेट विमान आहे, पण ते घ्यायचं नाही, कारण मध्ये लॉस एंजेलिसला उतरलं की आणखी ८० मिळतात. आणि सुरुवात लंडनहून करायची नाही. डब्लिनहून करायची, कारण तिथून तिकीट बरंच स्वस्त पडतं, शिवाय डब्लिन-लंडनचे ४० गुण वर. डब्लिन-लंडन-डॅलस-लॉस एंजेलिस-होनोलुलू, चारशे. जाऊन येऊन आठशे. सिल्व्हर एका फेरीत!

फक्त मी राहते लंडनला. म्हणजे आधी लंडनहून वेगळ्या तिकिटाने डब्लिनला जायचं, तिथून परत लंडनला यायचं, आणि मग निघायचं. परत येताना लंडनला उतरायचं, घर तासाभरावर दिसत असताना डब्लिनला जायचं, आणि तिथून पुन्हा घरी. एकूण दहा विमानं. तिकिटाचा आकडा इथे देत नाही, हे अण्णा वाचतात.

यात मी काही शोध लावला नव्हता बरं का. माझ्यासारखे ही वाट तुडवणारे शेकड्यांनी होते. होनोलुलूच्या विमानात शेजारी बसलेले गृहस्थ अंगात कोट, हातात फक्त एक लहान बॅग. मी विचारलं, किती दिवस राहणार? म्हणाले, "चार तास."

मी मात्र तीन रात्री राहिले. एवढं लांब येऊन समुद्रही बघायचा नाही म्हणजे काय. आणि तिथे वाइकिकीच्या वाळूत बसल्यावर मला या थांब्याचा खरा इतिहास आठवला.

प्रशांत महासागर विमानाने ओलांडताना हवाईला थांबणं ही एकेकाळी हौस नव्हती. पॅन अमेरिकनचं ‘चायना क्लिपर’ हे पाण्यावर उतरणारं विमान २२ नोव्हेंबर १९३५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून टपाल घेऊन निघालं. होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असं बेटाबेटाला टेकत २९ तारखेला मनिलाला पोचलं. प्रत्यक्ष उड्डाण जवळपास साठ तासांचं. त्यात सगळ्यात लांब आणि जिवावरचा टप्पा पहिलाच, होनोलुलूपर्यंतचा, सुमारे २१ तास. बेट चुकलं तर खाली फक्त पाणी. टाकीत तेल मावेल तेवढाच टप्पा.

आपल्याकडेही हेच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले ते अहमदाबादला तेल घ्यायला उतरले. तेलाचे डबे तिथे बैलगाडीतून आणले होते. तिथून मुंबईत जुहूला, समुद्राकाठच्या मातीच्या मैदानावर. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून विमानं पुण्याला हलवावी लागत. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. (विषयांतर, पण मला फार आवडलेलं: एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सुटली. अण्णांची एसटी आणि लंडनचं विमान यांत आठवड्याचंच अंतर! अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "बघ, पहिलं आम्हीच.")

पुढे विमानं मोठी झाली, टाक्या मोठ्या झाल्या, आणि एकेक थांबा गळत गेला. एका पिढीने जीव टाकून हे टप्पे कमी केले. आणि मी पदरचे पैसे भरून ते वाढवत बसले होते.

हवाईबद्दल वेगळं लिहायला हवं खरं तर. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीला पदच्युत करून, पाच वर्षांनी अमेरिकेने गिळलेलं हे राज्य. वाइकिकी म्हणजे आज नुसती हॉटेलं, पण शंभर वर्षांपूर्वी तिथे पाणथळ होतं आणि त्यात शेती होती. १९२० च्या दशकात कालवा खणून पाणी काढून टाकलं. शेती कसली? भाताची, आणि अळूची! आपलं फदफद्याचं अळू. तिथे त्याला कालो म्हणतात, कंद शिजवून कुटून जांभळट लगदा करतात, तो पोई. पर्यटकांना ‘लुआऊ’ नावाची मेजवानी देतात, तो शब्द मुळात अळूच्या कोवळ्या पानांचा. ती पानं नारळाच्या दुधात शिजवलेली मी खाल्ली आणि हॉटेलात एकटीच हसत बसले. चिंच-गूळ नव्हता आणि शेंगदाणे नव्हते, पण आई असती तर तिने बरोबर ओळखलं असतं.

त्याच संध्याकाळी अण्णांना फोन केला. माझे सहा, त्यांचे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ. मी त्यांना हे सगळं पहिल्यांदाच समजावून सांगितलं. पट्टे, हद्दी, डब्लिन. बाकी कुणाला समजवायला मला अर्धा तास लागला होता, अण्णांना दोन मिनिटं. "म्हणजे टप्पे वाढवायचे," ते म्हणाले. "किती झाले?"

"चार झाले. चार राहिले."

"आणि तिकडनं इकडं यायला किती?"

"लंडनहून? एकच, अण्णा. थेट विमान आहे."

ते "बरं" म्हणाले आणि पाण्याचा आवाज येतोय का विचारलं. मी फोन समुद्राकडे धरला.

त्या वर्षी माझी रजा मोजकीच होती. फेब्रुवारीतले ते नऊ दिवस मी एरवी कराडला जाण्यासाठी ठेवते. हे त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

परतीच्या प्रवासात एक गोष्ट झाली ती लपवत नाही. लॉस एंजेलिसला पोचले तर डॅलसला वादळ, विमानं अडकलेली. काउंटरवरची बाई फार भली. तिने आपणहून सांगितलं, डॅलस सोडा, इथून थेट लंडनचं विमान आहे, खिडकीची जागा देते, आठ दिवस फिरून दमला असाल. आणि मी तिला "नको" म्हणाले. डॅलसचे ऐंशी गुण गेले असते! तिने पुन्हा विचारलं, तिला वाटलं मला इंग्रजी कळलं नाही. मी ठामपणे नको म्हणाले. मग डॅलसला चुकलेलं विमान, आणि रात्रभर तिथल्या पत्र्याच्या खुर्चीवर मी. पहाटे कधीतरी हिशेब केला. ऐंशी वजा केले तरी सातशेवीस होत होते. मला हवे होते सहाशे.

अण्णांसाठी म्हणून सुरू केलेलं ते कुठल्या विमानतळावर सुटलं ते सांगता येणार नाही. डॅलसला तरी ते माझ्याबरोबर नव्हतं.

कार्ड मिळालं. ऑगस्टमध्ये मी अण्णांना आणायला गेले. आमची तिकिटं साधीच, पण मुंबईला काचेचं दार उघडलं. कार्डावर सोबत एक माणूस नेता येतो. अण्णांनी सोफ्यावर हात फिरवला. चहाचा भाव विचारला. फुकट म्हटल्यावर दुसऱ्यांदा घेतला, उपमा घेतला, तो पांचट आहे असं सांगितलं. पंधरा मिनिटांनी उठले.

"कुठे निघालात?"

"फाटकापाशी बसू. इथं कुणी पुकारत नाही. गाडी लागली तर कळायचं कसं?"

बाहेर फळ्यावर दिसतं, अजून दोन तास आहेत, सगळं सांगून झालं. छत्तीस वर्षं ज्याने दोनदा घंटी मारून गाडी सोडली त्या माणसाला गाडी चुकण्याची भीती किती असते ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही जाऊन फाटकासमोरच्या पत्र्याच्या खुर्च्यांवर बसलो. आणि हो, त्यांना ज्या गोष्टीचा खरा उपयोग झाला ती म्हणजे चाकाची खुर्ची. ती कुणालाही मिळते, कार्ड लागत नाही, आधी कळवावं लागतं इतकंच. २०२२ मध्ये मी कळवलं नव्हतं.

नियम पुढे बदललेच. अमेरिकन कंपन्या २०१५ च्या सुमारापासून अंतर सोडून पैसे मोजायला लागल्या होत्या. कोविडच्या काळात विमानं जमिनीवर असताना युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून जवळपास सात अब्ज डॉलर उभे केले, २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने दहा अब्ज. विमानं उडत नव्हती आणि मैल तारण चालत होते! बँकांना कार्डांसाठी मैल विकणं हाच मोठा धंदा झाला होता. असल्या धंद्यात माझ्यासारखी टप्पे जोडणारी बाई म्हणजे गाडीतली गळती. ३० डिसेंबर २०२४ ला ब्रिटिश एअरवेजने जाहीर केलं की १ एप्रिल २०२५ पासून एका पौंडाला एक गुण, सिल्व्हरसाठी साडेसात हजार, गोल्डसाठी वीस हजार. क्लबचं नावही बदललं. होनोलुलूची ती वाट एका दिवसात निरर्थक झाली. मला वाईट वाटलं म्हणजे काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. साडेसात हजार पौंड दर वर्षी उडवणं आपल्याला जमणारं नाही हे मात्र लगेच कळलं.

अण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आमचं बरं आहे. पंचाहत्तरी झाली, एसटी फुकट. २०२२ पासून. पैसे नाहीत, टप्पे नाहीत. आधार दाखवायचा." मग जरा थांबून म्हणाले, "परवा कोल्हापूरला जाऊन आलो."

"काही काम होतं?"

"काम कसलं. सरळ गाडी होती. पण पेठ नाक्याला उतरलो, चहा घेतला, मागची धरली. येतानाही तसंच."

"गुडघे दुखत असताना? कशाला अण्णा?"

"पोरगा नवा होता कंडक्टर. टप्पे बरोबर लावतो का बघत होतो," अण्णा म्हणाले. "एक चुकला."